मातीचं फुरसं

या गो, इकडे सरका. दारात कशाला बसता पाहुण्यासारख्या, आपल्याच गावातल्या असून? मला हल्ली मोठ्यानं बोलवत नाय, लांब बसलात तर माझं अर्धं बोलणं वाऱ्यावर जाईल. आणि आधी थोडं बोलून घेणार आहे तुमाला. राग आला तर येऊ दे, चहा झाला की जाईल.

तुमी दवाखान्यात पेशंटला बघायला कशा जाता, ते मी बघितलंय. खाटेवर पडून बघितलंय म्हणून सांगते. पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढायचा, उशाशी ठेवायचा, तोंड लांब करायचं नि सुरू व्हायचं. "आमच्या चुलत सासूचा पण खुबा असाच मोडला व्हता, मावशी. मग काय, ती उठलीच नाय." अगो, मी अजून हाय ना इथं? मला कशाला सांगतेस? एक आली ती मोबाइलमध्ये तिच्या भाच्याच्या लग्नाचे फोटो दाखवत बसली, सगळे, जेवणाच्या पंगतीसकट. नि दोघी तर माझ्या प्लास्टर घातल्यासारख्या जड पायाच्या अल्याड-पल्याड बसून चिंबोऱ्यांचा भाव काय झाला ते बोलत होत्या. मी मधे बांधासारखी आडवी.

कोणी एवढं विचारलं नाय, का मावशी, दिवसभर तू तुझ्या हातांचं काय करतेस?

मला तर तेच सगळ्यात जड गेलं. मागच्या अंगणात शेवाळावरून घसरले, खुबा मोडला, शहापूरला दवाखान्यात आत सळई घातली. पाय दुखायचा, त्यावर गोळी होती. पण हात? घरी माझे हात कधी रिकामे नसतात. तांदूळ निवडा, कोंबड्यांना घाला, वाकळ शिवा, काहीतरी असतंच. इथं दोन्ही हात चादरीवर ठेवलेले, दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे. बघून बघून मला त्यांचाच राग यायला लागला.

बायकांच्या वॉर्डात नावं कोण विचारत नाय. गावावरून हाक मारायची. मी सापगावची मावशी. माझ्या समोर आटगावची आजी, तिच्या छातीत पाणी झालेलं, पण आवाज असा का दुसऱ्या वॉर्डातली माणसं डोकवायची. आणि खिडकीशी मुरबाडवाली.

मुरबाडवाली वयानं माझ्या धाकट्या सुनेएवढी. मुरबाडच्याही आत तिचं गाव. कापून सुकत टाकलेल्या भाताचा भारा बांधायला तिनं खाली हात घातला नि उजव्या हाताला फुरसं चावलं. फुरसं म्हणजे वीतभर साप, मातीच्या रंगाचा, दिसत नाय नि चावल्यावर सोडत नाय. घरच्यांनी शहाणपणा केला, भगताकडे न नेता तिला तशीच गाडीत घातली. इंजेक्शनांनी विष उतरलं, जीव वाचला. हे आधीच सांगून ठेवते, नायतर तुमी बाहेर जाऊन सांगाल का मावशी म्हणते साप चावला का चित्रं काढा. चित्रांचं येईलच पुढे. तर जीव वाचला, पण हात सुजून भोपळ्यासारखा झालेला. ठाण्याला मोठ्या दवाखान्यात चिरा देऊन सूज मोकळी केली, मांडीची कातडी काढून हाताला लावली. मग पुढच्या ड्रेसिंगला नि व्यायामाला आमच्याकडे शहापूरला पाठवली, बहीण जवळ राहते म्हणून.

व्यायामाचा डॉक्टर रोज सकाळी यायचा. तरणा पोरगा, गोड बोलायचा. तिची बोटं अर्धवट वाकलेली, ना मिटत ना उघडत. तो सांगायचा, "ताई, जखम आता सुकली आहे. बोटं आत्ताच हलवायला हवीत, दुखलं तरी. हे दिवस गेले तर ती अशीच धरून राहतील, मग मला काही करता येणार नाही." आणि तिला एक रबरी चेंडू दिलेला, दाबायला.

तो असेपर्यंत ती चेंडू धरायची. त्यानं पाठ फिरवली का सोडून द्यायची. चेंडू घरंगळत माझ्या खाटेखाली यायचा.

"अगो, दाब की. हात जाईल तुझा," मी म्हणायची.

"दाबून काय व्हतंय मावशी? त्याच्यातून काय निघतंय का? लिंबू तरी असता."

मी हसले, पण तेवढ्यापुरतीच. उजवा हात गेलेली बाई शेतकऱ्याच्या घरात म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. चूल, विळा, पोरीची वेणी, सगळं उजव्या हातात असतं.

आता चित्रांच्या बाईंचं सांगते. त्या भातसानगरला राहतात, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचा नवरा आजारात फार दिवस दवाखान्यात पडून होता. त्या एकदाच बोलल्या होत्या, "ते छताकडे बघत राहायचे. मी त्यांना दुसरं काही बघायला दिलं नाही." नवरा गेल्यावर त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, परवानगी काढली, आणि सोमवारी नि गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर आमच्या वॉर्डात यायला लागल्या. खांद्याला ही मोठी पिशवी. कागद, खडू, रंग, कापडाचे तुकडे.

पहिल्या दिवशी आजीनंच सलामी दिली. "आमी काय बालवाडीत हाव? खडू कशाला? खाऊ पण वाटणार का?"

बाई म्हणाल्या, "खाऊ नाही आणला. पुढच्या वेळी आणू का?"

आजी जरा गडबडली. मी खडू घेतला, म्हटलं बघू. कोंबडी काढायला गेले. मी शाळेत कधी गेले नाय, अक्षरं माझी मीच शिकले मोठेपणी, नातवाच्या पाटीवर. चित्राची तर बातच सोडा. कोंबडी अशी झाली का सिस्टर म्हणाली, "मावशी, किटली छान काढलीय." सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाय नि उगाच वा वा पण केली नाय. कागद निरखून बघितला नि विचारलं, "ही निघालीय कुठे?"

"कुठं म्हणजे? शेजारणीच्या पडवीत. खाणार माझ्याकडचं नि अंडं घालणार तिच्याकडे."

मग काय, माझी शेजारीण, तिची पडवी, अंड्यावरून आमची झालेली भांडणं, सगळं निघालं. प्रत्येकीला आपली एक शेजारीण आठवली. त्या दुपारी दुखण्याची गोळी मागायची मी विसरले. गोळी लागते, मी घेतली पण नंतर. पण आठवण झाली नाय एवढं खरं.

मुरबाडवाली मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाई तिच्या खाटेशी जाऊन बसायच्या नि तिला काही करायला सांगायच्या नाय. मला ते फार आवडलं. आमी तिला सगळ्या जणी सांगत होतो, कर गो, हलव गो, ऊठ गो. बाईंनी एकदाही सांगितलं नाय.

एका गुरुवारी बाईंनी शाडूची माती आणली. गणपतीच्या कारखान्यात उरलेली. व्यायामाच्या डॉक्टरला विचारून घेतलेलं, तो म्हणाला चालेल, पण तिला हातमोजा घाला. बाईंनी आमा प्रत्येकीपुढे स्टीलच्या ताटलीत एकेक गोळा ठेवला. मुरबाडवालीच्याही पुढे ठेवला, शेजारी हातमोजा ठेवला, नि निघून आल्या.

ओल्या मातीचा वास आला नि ती वळली. डाव्या हाताच्या बोटानं गोळ्यात खड्डा केला. मग दुसरा. मग गोळा ताटलीत वळायला लागली, कडबोळ्याचं पीठ वळतात तसा. पण तुमाला ठाऊक आहे, एका हातानं वळलं का वळी तिरकी जाते, एकीकडे जाड नि एकीकडे बारीक. दोनदा तिरकी गेली. तिसऱ्यांदा तिनं दातानं ओढून हातमोजा घातला नि उजवा तळवा मातीवर टेकला. तोंड वाकडं झालं दुखण्यानं. पण टेकलाच. मी माझ्या मातीचं काय करत होते ते विसरून बघत राहिले.

तिनं साप केला. बारीक शेपूट, फुगीर अंग. डोकं चिमटीत धरून चपटं केलं, त्या न मिटणाऱ्या बोटांच्या चिमटीत. थोडा वेळ बघितलं. मग अंगठा डोक्यावर ठेवला नि दाबून चिरडून टाकला.

"अगो अगो अगो!" समोरून आजी ओरडली. "नाग मोडतेस? नागपंचमीला आमी भाजी चिरत नाय, तवा चढवत नाय, नि तू डोकं ठेचतेस? दवाखान्यात?"

"आजी, हा नाग नाय. फुरसं हाय."

"साप तो साप. हात जोड आधी."

"तू जोड. तुला नाय चावलं."

ती आल्यापासून एवढं मोठ्यानं पहिल्यांदा बोलली होती. मी मधे पडले. म्हटलं, "आजी, फुरश्याला कोण पुजतो गो? नागाला दूध दाखवतो आपण. फुरश्याला काय दाखवायचं, ताक?"

वॉर्ड हसायला लागला. आजी काय मागे हटणार? तिनं बाईंकडे तक्रार केली. बाई म्हणाल्या, "माती तिची, साप तिचा."

"मग माझ्याकडे तोंड करून नको ठेचू," आजीनं निकाल दिला. "खिडकीकडे वळून काय ते कर. माझ्या डोळ्यांना पाप नको."

तेव्हापासून ते सुरू झालं. माती ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या उशाशी असायची. रोज ती फुरसं करायची नि खिडकीकडे वळून ठेचायची. परत मळायचं, परत वळायचं, परत चिमटीत डोकं. चेंडू दाबायला हात हलत नव्हता, आणि हे ती न सांगता करत होती, घाम येईपर्यंत. व्यायामाचा डॉक्टर एका सकाळी आला नि तिची बोटं धरून बघतच राहिला.

"ताई, कोणी शिकवला हा व्यायाम?"

"फुरश्यानं," ती म्हणाली.

आजीनं मधेच एक घोळ घातला. मुरबाडवाली संडासला गेलेली असताना तिनं एक साप उचलला, आपल्या कपाटात लपवला, हळद-कुंकू लावलं नि मुलीनं आणलेल्या लाह्या नि साखर त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग कपाटातून निघून थेट आजीच्या उशीवर. सिस्टरनं कपाट उघडलं. "आजी! इथं देऊळ मांडलंय का?" आजी म्हणते, "मी नाय, ह्या मुरबाडवालीचा नाग हाय." "आता नाग झाला व्हय!" मुरबाडवाली खिडकीजवळून ओरडली. सिस्टर रागावलेली असूनही तोंडाला पदर नव्हता म्हणून हात लावून हसत होती.

असं सगळं बरं चाललेलं, नि एका रविवारी तिचा नवरा भेटायला आला. साधा माणूस, डबा घेऊन यायचा, स्टुलावर बसून राहायचा. त्या दिवशी खुशीत होता. डॉक्टर त्याला म्हणाला होता, हात येतोय. "आता काय काळजी नाय," तो तिला म्हणाला. "पुढच्या भाताला उभी राहशील तू."

तो गेला. सोमवारी बाई आल्या, तर मुरबाडवाली भिंतीकडे तोंड करून. माती फडक्यात तशीच, वरून सुकायला लागलेली. मंगळवारीही तसंच. डॉक्टरनं बोटांना हात लावला तर हात ओढून घेतला.

मी तोवर वॉकर घेऊन चार पावलं टाकायला लागले होते. दुपारी खुरडत तिच्या खाटेशी गेले. "काय झालं गो? एवढा हात आणलास नि आता?"

तिनं मातीचं फडकं लांब सारलं. मग म्हणाली, "मावशी, हात बरा झाला का परत भाऱ्याखालीच घालायचा ना? मग कशाला बरा करू?"

मी वॉकर सोडून तिच्या खाटेवर टेकले. आमी सगळ्या समजत होतो का ती दुखण्याला भिते. ती बऱ्या हाताला भीत होती. आणि काय चूक होतं तिचं? आमच्याकडे हात म्हणजे काम. बरा हात घरी रिकामा बसत नाय.

गुरुवारी मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. बाई "अरेरे" म्हणाल्या नाय नि तिला समजावायलाही गेल्या नाय. नवी ओली माती काढली, ताटलीऐवजी मोठा पुठ्ठा काढला, आणि तिच्या पायथ्याशी ठेवून म्हणाल्या, "आज साप नको. तो शेतात चावला ती जागा मला दाखवशील? मी पाहिलेली नाही."

"कशाला बघायची?"

"नाही दाखवलीस तरी चालेल."

पुठ्ठा तिथंच राहिला. बाई आजीकडे गेल्या. मी चोरून बघत होते. खूप वेळानं ती उठून बसली. आधी बांध घातले, चारी बाजूंनी. मग खराट्याच्या काड्या मागितल्या, बारीक मोडून रांगेनं रोवल्या, कापलेल्या भाताची खोडकी. मधे कापून टाकलेलं भात, मातीच्या वळ्यांचे भारे. एका कोपऱ्यात आंब्याचं झाड. आमी सगळ्या एकेक करून तिथं गोळा झालो, आजी सलाइनचा दांडा हातात धरून आली. ती आपल्याशीच बोलत होती, "इथनं मी आले. इथं पाणी पिले. ह्यो भारा." मग एक बोटाएवढी बाई केली, वाकलेली. एक फुरसं केलं नि भाऱ्याखाली ठेवलं.

मला वाटलं आता ठेचणार. आजीनं तर डोळे मिटून घेतले.

तिनं ठेचलं नाय. त्या मातीच्या बाईला उचलली, कंबर सरळ केली, नि खराट्याची एक लांब काडी तिच्या हातात दिली. काडीचं टोक भाऱ्याखाली घातलं नि भारा पलटला. फुरसं उघडं पडलं. "जा," ती त्याला म्हणाली, "निघ." आणि चिमटीत धरून बांधापलीकडे ठेवलं.

रविवारी नवरा आला तर त्याच्यासमोर पुठ्ठा मांडला.

"हे बघा. काठीनं पलटल्याशिवाय मी भाऱ्याला हात घालणार नाय. तुमी पण नाय, पोरीनं पण नाय. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या. नि हे कबूल नसलं तर मी इथंच राहते, हा हात असाच ठेवून."

तो माणूस पुठ्ठा जवळ ओढून बघायला लागला. साप चावल्यापासून तिनं त्याला त्या दिवसाचं काही सांगितलंच नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "कबूल. पण काम उशिरा व्हईल, लोक बोलतील."

"बोलू दे."

मग म्हणतो, "माजा बैल कुठाय ह्याच्यात?"

"तुमचा बैल, तुमीच करा."

आणि काय सांगू, तो स्टुलावर पुढे सरकला, माती घेतली नि भेटायची वेळ संपेपर्यंत बैल करत बसला. एकच शिंग जमलं. आजी म्हणाली, "ह्यो गेंडा हाय." तो लाजला पण बैल ठेवला त्यानं आंब्याखाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चेंडू स्वतः मागून घेतला. मला वाटतं, नुसती औषधं नि नुसता व्यायाम यांनी त्या पोरीला तिथवर आणलं नसतं, आणि नुसत्या मातीनंही नाय. डॉक्टरनं तिला हात दिला, पण त्या हातानं पुढे जगायचं कसं, ते तिनं पुठ्ठ्यावर स्वतः ठरवलं. बाईंनी फक्त जागा दिली नि गप्प बसल्या. असं गप्प बसता येणं मला या वयातही जमलेलं नाय, म्हणून त्या बाईंचं मला कौतुक वाटतं.

तिची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नायत. विळा ती डाव्या हातानं धरायला शिकली. पुढच्या भात कापणीला तिनं मला बोलावलं, तिचा नवरा रिक्षा घेऊन आला न्यायला. मी बांधावर खुर्ची टाकून बसले, साहेबासारखी. पहिल्या भाऱ्याशी ती नुसती उभी राहिली. बाजूच्या शेतातल्या बाया थांबून बघायला लागल्या. तिनं काठी खाली घातली, पलटला. खाली बेडूक. तो आपला टुणकन उडाला नि सगळ्या हसल्या, ती पण. मग वाकून तिनं दोन्ही हात भाऱ्याखाली घातले. नि भारा उचलला.

"भ्या वाटते का गो अजून?" मी नंतर विचारलं.

"वाटते ना. रोज वाटते. पण हात माजा हाय."

आता बाजूच्या शेतातल्या दोघी-तिघी पण काठी घेऊन भारे पलटतात, असं ती सांगते. आणि गुरुवारी सवड झाली का ती मुरबाडहून एसटीनं येते, मी सापगावहून निघते, आमी दोघी बाईंबरोबर वॉर्डात बसतो. परवाच एक पोरगी आलीय, भाजलेली, कोणाशी बोलत नाय. मुरबाडवाली तिच्याशेजारी बसली नि काही न बोलता माती वळत राहिली.

तर तुमी एका गुरुवारी या. आधी माझ्याकडे या, जेवून मग आपण वॉर्डात जाऊ. रिकाम्या हातांनी आलात तरी चालेल, पण लवकर या गो, मी वाट बघते.